ओटीचे गहू

"मालन, एवढा झंपर शिवून दे गं. हळदीकुंकवाला नवा घालीन म्हणते."

तानूआक्कानं प्लास्टिकच्या पुडीतला लाल ब्लाऊजपीस माझ्या मशीनवर टाकला आणि उंबऱ्यातच फतकल मारून बसली. मी पुडी फोडली, कापड उलगडून उजेडात धरलं. पलीकडचं लिंबाचं झाड आरपार दिसत होतं. तरी सवयीनं कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा टाका घातला. माझ्याकडं आलेलं कापड कुणाचं ते कळावं म्हणून मी प्रत्येकीचा वेगळा दोरा ठेवला होता, आक्काचा निळा.

"आक्का, हे घालायचं कापड न्हाई. देण्याघेण्याचं कापड हाय हे," मी म्हटलं. "बाह्या काढल्या तर पाठ पुरायची न्हाई. आन् एकदा घाम आला की रंग सुटून अंगभर लाल हुशील."

"मग लोक देत्यात कशाला?"

"द्यायलाच! शिवतंय कोण?"

आक्का क्षणभर माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग पोट धरून हसली. "मग आण हिकडं. शिवून वाया कशाला घालवू? कुणाच्या तरी ओटीत घालीन."

आता हसावं का रडावं? शिवलं की कापड वाया गेलं, असा आमचा हिशोब. आमच्या निंबखोरीत एक घर असं नव्हतं की जिथं ट्रंकेच्या तळाला असले पीस रचून ठेवलेले नाहीत. हिच्या ओटीतला तिच्या ओटीत, तिच्या ओटीतला तिसरीच्या. बारशाला, डोहाळजेवणाला, पाठवणीला. फिरतायत आपले गावभर. अंगाला कुणाच्या लागत नाहीत, पण रोज नवे येतायत ते येतायतच.

आणि येत होते कुठून? पुलापलीकडून. ओढ्याच्या वरच्या अंगाला 'कुसुंबी प्रोसेस' नावाचा रंगाईचा कारखाना होता. गावातले निम्मे पुरुष तिथं कामाला, आक्काचा लेक बाळूसुद्धा. कापड रंगवून झालं की उरलेलं पाणी ओढ्यात. ओढ्याकडं नजर टाकून बायका सांगायच्या, आज राणी कलरची ऑर्डर दिसतीय, आज मोरपंखी. सुरुवातीला गंमत वाटायची. मग खेकडे दिसेनासे झाले. मग काठच्या विहिरी एकेक करून बाद झाल्या, काठाच्या मळीतलं धान्य काळपट, चिमलेलं यायला लागलं, आणि त्या पाण्यात कपडे धुणाऱ्या बायकांच्या हातांची सालं निघायला लागली. कशासाठी? तर ट्रंकेत पडून राहणाऱ्या कापडासाठी! एखादीनं हौसेनं मिरवलं असतं, फाटेस्तोवर वापरलं असतं, तर मी एवढी चिडले नसते. माझंही पोट कापडावरच होतं. पण हे असलं कापड म्हणजे आमच्या पाण्यात आमचंच तोंड बुडवून, वर आम्हालाच अहेर.

राहिली होती फक्त गोडी विहीर. ती ओढ्यापासून लांब, गायरानाच्या उताराला. सगळं गाव तिच्यावर पाणी भरायचं. आणि आता कारखान्याला दुसरं युनिट काढायचं होतं ते नेमकं त्याच गायरानावर, विहिरीच्या डोक्यावर. त्यासाठी गावाचा ठराव हवा होता. ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा भरायची होती आणि सरपंच स्वच्छ म्हणाले होते, "बायकांनी हात वर केले तर मी सही करीन. न्हाई केले तर मला काही रेटता यायचं न्हाई."

म्हणून तर कारखान्याच्या शेठच्या मंडळी पद्मजाताई सभेच्या आधी दोन दिवस आमच्या गावात हळदीकुंकू करणार होत्या. गावाला उगाच मान आला नव्हता.

"आक्का, तू हात वर करणार हायेस?" मी विचारलं.

"बाळूची रोजी हाय तिथं."

"आन् विहीर?"

"ते म्हणत्यात, पाणी चांगलं करून सोडणार."

"आत्ता सोडत्यात ते काय करून सोडत्यात?"

माझं डोकं फिरलंच होतं. मी म्हटलं, "ऐक. बाई घरी निघाली की तिची ओटी भरायची हाय ना? मग तुझ्या ओढ्याकाठच्या मळीतले गहू घालू या. ते काळपट, चिमलेले. बघू दे तिला आपण काय पिकवतोय ते."

आक्का ताडकन उठली. "थोबाड फोडीन तुझं! ओटीत खोट घालत्यात व्हय? ती काय बी करू दे, सवाष्ण हाय ती. विहिरीवरच्या रानातले खपली गहू ठेवलेत माझ्याकडं, नातवाच्या खिरीसाठी. त्यातले घालीन. आन् तू तोंड शिवून बसायचं, सुई हाय नव्हं तुझ्याकडं?"

एवढं बोलून तिनं तो लाल पीस काखेत मारला आणि गेली.

हळदीकुंकू शाळेच्या पटांगणात झालं. मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, गाण्याच्या रेकॉर्डी चाललेल्या. पद्मजाताई गोऱ्या, ठेंगण्या, बोलायला अगदी मऊ. प्रत्येकीला स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावत होत्या, म्हाताऱ्यांच्या पाया पडत होत्या. खोटं कशाला बोलू, बाई वागायला चांगली होती. त्यामुळंच मला जास्त राग येत होता. चांगल्या माणसाशी भांडायला कुठून सुरुवात करायची?

वाण म्हणून त्यांनी कापडी पिशव्या लुटल्या. हिरव्यागार, वर पांढऱ्या अक्षरात 'वसुंधरा वाचवा'. मग माईक हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"मैत्रिणींनो, कुठलीही वस्तू हातात घेताना आपण विचार करायला हवा. ही कुठून आली? कशी तयार झाली? वापरून झाल्यावर हिचं काय होणार? प्लास्टिकची पिशवी मातीत गाडली तरी आपल्या नातवंडांच्या नातवंडांना सापडेल. म्हणून ही कापडी पिशवी. ही आपल्या मातीला त्रास देणार नाही."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी उभी राहिले.

"ताई, तुम्ही बोललात ते मला पटलं. मग मी ह्या पिशवीपासूनच विचार करते. ही कुठून आली?"

त्या हसल्या. "आपल्याच कारखान्यातून."

"हिला एवढा हिरवा रंग दिला, मग ते रंगाचं पाणी कुठं गेलं?"

टाळ्या थांबल्याच होत्या, आता बांगड्यांचाही आवाज थांबला. ताईंनी मागं वळून मॅनेजर मोकाशींकडं पाहिलं. मोकाशी पुढं आले. "बाई, पाणी प्रक्रिया करूनच सोडलं जातं. नव्या युनिटमध्ये तर याहून मोठी यंत्रणा बसणार आहे. आणि शिवाय नव्वद लोकांना काम."

"परवा ओढा ह्याच हिरव्या रंगाचा होता, साहेब. आम्ही म्हटलं, शेवाळ आलं का काय. आता कळलं, आमचं वाण धुतलं जात होतं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पण तेवढ्यात आक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "गप! सवाष्ण दारात आलीया. वाण घेताना भांडत्यात व्हय? बस खाली!"

मी बसले. काय करणार? गावात आक्काच्या वयाला मान होता आणि तिच्या शब्दाला त्याहून जास्त.

निघायच्या वेळी पद्मजाताईंना पाटावर बसवलं. त्यांनी पदर पसरला. आक्कानं नारळ, हळकुंड, सुपारी घातली, वर तो लाल पीस ठेवला, मग ओंजळी भरभरून खपली गहू घातले. लांबट, तांबूस, एकसारखा दाणा. एकही खडा नाही. आदल्या दिवशी दुपारभर सुपात निवडत बसली होती. घालताना म्हणाली, "गोड्या विहिरीवरचे हायेत, ताई. घरी गेल्यावर ह्याची खीर करा आन् पहिली वाटी तुम्हीच घ्या. ओटीचं सवाष्णीनं स्वतः खायचं असतं, दुसऱ्याला द्यायचं नसतं."

"हो हो, ठाऊक आहे," ताई म्हणाल्या आणि आक्काच्या पाया पडल्या. आक्काचे डोळे भरून आले. मग एकेकीनं आपापल्या घरचा पीस ताईंना दिला. मी आपली खांबाला टेकून बघत होते.

गाडीची धूळ खाली बसायच्या आत बायकांचं ठरून गेलं. ओटी भरली, वाण घेतलं, आता सभेत नाही कसं म्हणायचं? मिठाला जागायला नको? आक्काही म्हणाली, "बाई पाया पडली माझ्या. एवढ्या मोठ्या घरची." मी म्हटलं, पाया पडायला वाकावं लागतं, पाणी स्वच्छ करायला यंत्र लागतं, त्यातलं स्वस्त काय ते तिला कळतंय. माझं कुणी ऐकलं नाही. ही मालन म्हणजे कात्रीच आहे, असं म्हणत एकेक जण घरी गेली.

मला पुलापलीकडच्या वस्तीवर एका नवरीचे ब्लाऊज पोचवायचे होते. रागारागात पाय उचलत निघाले. पुलाजवळ आले तर ताईंची गाडी पुलावरच उभी. वाटलं, बंद पडली की काय. मनात म्हटलं, पडू दे!

गाडीचं दार उघडं होतं. पद्मजाताई कठड्याजवळ उभ्या होत्या, पदराची ओटी दोन्ही हातांनी धरून. आणि मग त्यांनी हळूच कुणाला दिसू नये तसा पदर झटकला. गहू कठड्याच्या कडेला पसरले. नारळ गडगडत माझ्या पायाशी आला. ड्रायव्हर गाडीतून घरोघरच्या बायकांनी दिलेले पीस काढून खाली टाकत होता.

"ताई!" मी ओरडले.

त्या दचकल्या. पण पळून गेल्या नाहीत की अंगावर आल्या नाहीत. माझ्याजवळ आल्या आणि हात धरून म्हणाल्या, "अहो, वाईट वाटून घेऊ नका. मला पण बरं वाटत नाही असं करताना. पण साहेबांची सक्त ताकीद आहे, या पाण्यावरचं धान्य घरात आणायचं नाही. भाजीसुद्धा नाही. आमच्याकडे लहान नातवंडं आहेत हो."

माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी बरं झालं असतं.

"तुमच्याकडं लहान नातवंडं हायेत," मी म्हटलं. "आन् आमच्याकडं काय हायेत? मांजरं?"

"तसं नाही…"

"मग कसं ते सांगा. साहेबांना ठाऊक हाय पाण्यात काय हाय ते. तुम्हाला ठाऊक हाय. ड्रायव्हरला ठाऊक हाय. आमच्याच बायकांनी तेवढं ठाऊक नसल्यागत हात वर करायचे?"

"साहेब नव्या युनिटला मोठी यंत्रणा…"

"हे गहू गोड्या विहिरीवरचे हायेत, ताई! अजून तिथं तुमचं पाणी पोचलेलं न्हाई! त्या म्हातारीनं नातवाच्या तोंडचे काढून तुम्हाला घातले!"

त्यांनी खाली पसरलेल्या गव्हांकडं पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाईसाहेब, उशीर होतोय." त्या गाडीत बसल्या. गाडी गेली. पुलाखालून ओढा वाहत होता, त्या दिवशी जांभळा.

मी तिथंच बसले आणि रडले. मग उठले, पदर खोचला आणि दाणा दाणा गोळा केला. धुळीसकट. नारळ घेतला, पीस घेतले. वस्तीवरची नवरी त्या दिवशी माझी वाट बघत राहिली.

आक्का चुलीपुढं होती. मी तिच्यासमोर पदर सोडला. तिनं गहू ओळखले. स्वतःचं धान्य कुणीही ओळखतं. मग लाल पिसाचा कोपरा उलटून निळा टाका बघितला. मी पुलावर झालेलं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. मला वाटलं, ती शिव्या देईल, छाती पिटेल. तिनं सूप ओढलं आणि गहू पाखडायला लागली.

"बाळूला म्हाईत असंल का गं?" शेवटी तिनं विचारलं.

मी सुपाबाहेर उडालेले दाणे वेचू लागले.

"सभा परवाच हाय नव्हं?"

"व्हय."

"मला यायला उशीर झाला तर थांबवून ठेव त्येंना."

सभेला मांडव नव्हता, गाणी नव्हती. पंचायतीच्या हॉलमध्ये सतरंजीवर बायका, टेबलामागं सरपंच आणि बाजूला मोकाशी. मोकाशींनी नकाशा उलगडून कुठं काय येणार ते दाखवलं. बऱ्याच बायकांच्या हातात त्या हिरव्या पिशव्या होत्या. सरपंच म्हणाले, "तर मग, ज्यांची ठरावाला संमती हाय त्यांनी हात…"

"दम धरा," दारातून आवाज आला.

आक्का आली होती. डोक्यावर पदर, हातात झाकलेलं सूप, काखेत पिसांचं गाठोडं. सरळ टेबलापर्यंत गेली आणि सूप नकाशावर ठेवलं. गाठोडं सोडून पीस मांडले.

"बायांनो, ओळखा आपापलं. हे पुलावर सापडलं."

बायका उठून पुढं आल्या. कुणी आपला पिवळा ओळखला, कुणी आपला जरीकाठी. कुजबूज वाढत गेली आणि मग एकदम थांबली, कारण ओटी टाकून देणं म्हणजे काय ते तिथल्या कुणालाही समजावून सांगायला नको होतं.

"मी ह्या बाईची ओटी भरली," आक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लेकीची भरावी तशी भरली. ओटी घेतली म्हणून आपण बांधलो गेलो, असं मीच तुम्हाला सांगत हुते. खोटं कशाला बोलू, मीच सांगत हुते. तिनं ओटी टाकली. कशापायी? तर आपल्या पाण्यावरचं त्येंच्या नातवंडांच्या पोटात जाऊ ने. आता साहेब," ती मोकाशींकडं वळली, "एकच सांगा. ह्या गव्हांत काय हाय?"

मोकाशी घाम पुसत म्हणाले, "आजी, तो वैयक्तिक… म्हणजे बाईसाहेबांचा काहीतरी गैरसमज…"

"मग खा की."

"काय?"

आक्कानं मूठभर गहू त्यांच्यापुढं धरले. "चावून खा. गोड हायेत. गोड्या विहिरीवरचे हायेत, धुऊन आणलेत."

मोकाशींनी गव्हांकडं बघितलं, सरपंचांकडं बघितलं. हात काही पुढं आला नाही. चांगले, निर्धोक गहू होते ते, आणि त्या माणसाची हिंमत झाली नाही.

मग आक्कानं स्वतःच चार दाणे तोंडात टाकले आणि चावत चावत बायकांकडं तोंड केलं. "ज्येंच्या घरात आपला दाणा चालत न्हाई, त्येंचा रंग आपल्या विहिरीत का चालावा? आता करा वर हात, ज्येंना करायचा हाय त्येंनी."

एकही हात वर झाला नाही. उलट पुढं बसलेल्या बाईनं आपली हिरवी पिशवी नकाशावर नेऊन ठेवली. मग दुसरीनं. बघता बघता टेबल हिरवं झालं आणि मोकाशींचा नकाशा काही दिसेना.

बाळूला कारखान्यातून काढलं. आक्कानं त्याला उपाशी नाही मरू दिलं, पण पुढची दोन वर्षं त्या घरानं ओढगस्तीत काढली, हेही सांगायला हवं. युनिट गायरानावर आलं नाही. दुसऱ्या कुठल्या तरी तालुक्यात गेलं म्हणतात, तिथंही कुणाची तरी विहीर असेलच. जुना कारखाना मात्र आहे तिथंच आहे. ओढाही आहे, अजून रंग बदलतो. आणि टेबलावरचे ते पीस? काही दिवस पंचायतीच्या कपाटावर पडले होते. मग "कापड वाया कशाला घालवायचं" म्हणून कुणीतरी उचलून नेले.

आक्का गेली त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात माझ्या सुनेचं डोहाळजेवण झालं. आलेल्या ओट्या आवरताना एक लाल पीस हाती लागला. पुडी नवी होती, घडी जुनी होती. कोपरा उलटला. निळ्या दोऱ्याचा टाका.

काय सांगू काय झालं मला! किती घरं फिरला असेल, किती पदरांत पडला असेल, आणि एकीच्याही अंगाला लागला नव्हता. मी म्हटलं, आता पुरे. आता हा इथंच थांबणार. बाळाची दुपटी तरी शिवीन, नाहीतर पायपुसणं करीन. शिवायच्या आधी पाण्यातून काढावं म्हणून बादलीत भिजत घातला. गोड्या विहिरीचंच पाणी होतं.

सकाळी बघते तर बादली लालभडक. हात घालवेना.

"आत्या, ओता की मोरीत," सून म्हणाली.

"मोरी कुठं जाते?"

"परड्यात."

"आन् परड्यातनं?"

तिनं जरा विचार केला. "उतारानं विहिरीकडंच की."

मी रॉकेलचा जुना कॅन शोधला, घासला आणि ते पाणी थेंबही न सांडता त्यात भरलं. टोपण घट्ट लावलं. पातळ बदललं आणि फाट्यावर जाऊन एसटीत बसले, कॅन मांडीवर घेऊन. कंडक्टर आमच्याच भागातला.

"कुठं, मावशी?"

"पुलापलीकडं. कारखान्याच्या फाटकाशी उतरव."

"आन् कॅनमध्ये काय हाय?"

"त्येंचंच हाय," मी म्हटलं. "द्यायला चाललेय."